पाडायच्या घराची यादी

यादी करायची तर चुलीपासून करावी. जपानी खेड्यातल्या जुन्या घरात बाकीचं बरंचसं तिच्या धुरावर टिकून होतं.

इरोरी. जमिनीत चौकोनी खड्डा, त्यात राख, राखेवर लाकडाचा विस्तव. वर तुळईला टांगलेला आकडा, आकड्याला किटली. धुराडं नाही. धूर आपल्या गतीने वर जायचा, वासे, बांबू, गवत, दोऱ्या काळ्या करायचा आणि छपरातून झिरपत बाहेर पडायचा. त्या धुराने छपरातली कीड मरायची आणि विस्तवाच्या उबेने गवतातली ओल सुकायची. महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत खेडोपाडी गॅस पोचला, रॉकेलचे स्टोव्ह आले, इरोरीवर फळ्या टाकून ती बंद केली गेली. बायकांचे डोळे सुटले. ते चांगलंच झालं. चुलीसाठी हळहळणारे बहुतेक जण ती कधी न फुंकलेलेच असतात. पण खाली धूर थांबला आणि वरचं छप्पर कुजायला लागलं.

छप्पर. गवती, अर्धा मीटर किंवा त्याहून जाड. पाऊस त्यात मुरत नाही. काड्यांच्या टोकांवरून खाली घरंगळतो, वरचा थोडासाच थर भिजतो. गिफूमधल्या शिराकावागो आणि शेजारच्या तोयामातल्या गोकायामा इथल्या गाश्शो-झुकुरी घरांचा उतार ६० अंशांच्या आसपास, कारण तिथे बर्फ माणूसभर साचतं. खालचं घर सुताराचं, वरचं छप्पर गावाचं. छपराच्या सांगाड्यात खिळा नाही. गवती दोर आणि मान्साकू नावाच्या झुडपाच्या पिळलेल्या ओल्या फांद्या यांनी तो बांधलेला असतो. फांदी वाळते तशी गाठ आवळत जाते. वाऱ्यात सगळं छप्पर थोडं हलतं, हलावं म्हणूनच तसं बांधलेलं. माळ्यावर रेशमाचे किडे पाळत. रेशमाचा धंदा गेला, माळे रिकामे झाले.

तीस-चाळीस वर्षांनी छपराची पाळी यायची. शंभर-दोनशे माणसं जमून एक बाजू दिवसा-दोन दिवसांत उतरवत आणि नवी चढवत. या देवघेवीला युई म्हणतात. कोणाच्या छपरावर कोण किती दिवस राबलं, कोणी किती दोर आणि किती गवत दिलं, याची वही असे. पुढे त्याच्या घराची पाळी आली की वही उघडायची. १९९५ साली ही गावं जागतिक वारशाच्या यादीत गेली. युई अजून होते. पण पुष्कळ छपरं आता कंत्राटदाराची माणसं शाकारतात. त्यात वाईट काही नाही, फक्त वहीचं काम संपलं.

वारसायादीबाहेरच्या छपरांचं काय झालं ते कुठल्याही जपानी खेड्यातून जाताना दिसतं. १९५० च्या इमारत कायद्याने ठरवून दिलेल्या भागांत छप्पर न पेटणारं हवं झालं. गवत मिळेना, शाकारणारे मिळेनात. मग लोकांनी गवत तसंच ठेवून वर पत्रा ठोकला. उतार जुना, रंग लाल किंवा निळा. आत पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं गवत कोरडं बसलेलं आहे.

माळ. ही नोंद खरं तर घराबाहेरची. पण घराला गवत इथूनच यायचं. गावागावाचा सामाईक माळ असे, त्यावर सुसुकी नावाचं उंच गवत. शरद सरता सरता कापायचं, वसंताच्या तोंडाला माळ जाळायचा. जपानमध्ये पाऊस इतका पडतो की कापलं-जाळलं नाही तर काही वर्षांत तिथे झुडपं येतात आणि मग जंगल. म्हणजे माळ हा निसर्गाने दिलेला नव्हे, माणसांनी वर्षानुवर्षं रोखून धरलेला. शंभर वर्षांपूर्वी देशाच्या एक दशांशाहून जास्त जमिनीवर गवताळ रान होतं. आज ते सुमारे एक टक्का उरलं आहे. कुमामोतोतल्या आसो ज्वालामुखीभोवतीचा माळ अजून दर वसंतात जाळतात, आणि तिथलं गवत लांबलांबच्या छपरांवर जातं.

किक्यो. निळं-जांभळं, पाच पाकळ्यांचं फूल. कळी फुगलेली, हवा भरल्यागत. आठव्या शतकातल्या ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहात यामानोउए नो ओकुराने शरद ऋतूची सात फुलं मोजली आहेत, त्यांतलं एक हे, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सरदार घराण्यांनी ते आपल्या चिन्हात घेतलं. सावलीत ते तगत नाही. माळ कापला जायचा, ऊन जमिनीपर्यंत पोचायचं, म्हणून ते होतं. आज जपानच्या पर्यावरण खात्याच्या लाल यादीत त्याचं नाव धोक्यात आलेल्या वनस्पतींमध्ये आहे. रोपवाटिकेत भरपूर मिळतं. माळावर शोधावं लागतं.

चुलीत लाकूड घालायचं थांबलं तेव्हा या फुलाचा विचार कोणाच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं. म्हणून या यादीत एकेक वस्तू सुटी मोजता येत नाही.

सुसुदाके. चुलीवरच्या छपरात शे-दीडशे वर्षं धूर खाल्लेला बांबू. रंग गडद तपकिरी. दोरी जिथे बांधलेली होती तिथे फिकट पट्टा. चहासमारंभातले पळीवजा चमचे, बासऱ्या, शोभेच्या टोपल्या यांसाठी याला फार मोल. मिळतो तो जुनं घर पाडलं की. घरं पडत होती तोवर बाजारात येत राहिला. आता पाडायला तशी घरंच कमी उरली. कृत्रिम धुराने रंगवलेला बांबू मिळतो, आणि जाणकार तो ओळखतात.

जमीन. इथे तातामी. भाताच्या पेंढ्याची घट्ट गादी, वर इगुसा या लव्हाळ्याची विणलेली चटई, कडेला कापडी पट्टी. खोली मोजायची ती तातामींत: साडेचारची, सहाची, आठची. इगुसाची शेती जवळपास सगळी कुमामोतोतल्या यात्सुशिरोच्या परिसरात. ऐन थंडीत चिखलात रोपं लावायची, जूनअखेर आणि जुलैत कापायची. कापलेली लव्हाळी मातीच्या पातळ पाण्यात बुडवून मग वाळवतात. त्याने रंग टिकतो आणि नव्या चटईचा तो वास येतो. १९८० च्या दशकाअखेर तिथे हजारो कुटुंबं हे पीक घेत, आता काहीशे उरली आहेत. चिनी चटई स्वस्त पडते, कागदाच्या आणि प्लास्टिकच्या दोऱ्याची त्याहून टिकाऊ. मुळात नव्या फ्लॅटमध्ये तातामीची खोली एक असली तर असते, नसली तर नसते.

तोकोनोमा. भिंतीतली उंचावलेली जागा: एक गुंडाळीचित्र, एक फूल. दोन्ही ऋतूप्रमाणे बदलायची. तातामीची खोली गेली की हीसुद्धा गेली, वेगळं काही घडावं लागत नाही.

भिंत. बांबूच्या कामट्या उभ्या-आडव्या लावून दोरीने बांधायच्या, त्या जाळीवर पेंढा मिसळून महिनोन् महिने कुजवलेली माती दोन्हीकडून थापायची, वाळू द्यायची, पुन्हा थापायची. एक घर उभं राहायला वर्ष लागलं तर त्यात भिंतीच्या वाळण्याचेच कित्येक महिने. ही भिंत पावसाळ्यात ओल पिते, कोरड्या दिवसांत सोडते. आणि घर पाडलं की तीच माती पाण्यात कालवून पुन्हा वापरता येते. जुनी माती मिसळली तर नवी भिंत बरी बसते असं गवंडी मानतात. क्योतोजवळ यामाझाकीला ताइआन ही दोन तातामींची चहाखोली आहे, चहागुरू सेन नो रिक्यूच्या नावावर असलेली, सोळाव्या शतकातली. तिच्या आतल्या भिंतीत पेंढ्याच्या काड्या मुद्दाम दिसत्या ठेवल्या आहेत. त्या काळात हे धाडस होतं.

क्योतोच्या गवंड्यांची आवडती जुराकू माती सत्ताधीश हिदेयोशीच्या जुराकुदाई वाड्याच्या परिसरातली. आता त्यावर शहर आहे. तिथे एखाद्या इमारतीचा पाया खणला जातो तेव्हाच ती हाती लागते. नव्या इमारतीशिवाय जुन्या भिंतीला माती नाही. यावर भाष्य करायचा मोह आवरतो.

खांबाचा पाय. नदीतला गोटा जसाच्या तसा जमिनीवर ठेवायचा. खांबाचं बूड त्या गोट्याच्या उंचसखल पाठीप्रमाणे छिनून काढायचं, लाकडाने दगडाचा आकार घेईपर्यंत. मग खांब नुसता वर उभा करायचा. बोल्ट नाही, चुना नाही. भूकंपात घर दगडावरून थोडं सरकतं, पण आकार सोडत नाही. पाण्याचा थेंब खांबात चढत नाही, कारण खालून वारा खेळतो. आजच्या नियमांत साधा रस्ता म्हणजे काँक्रीटचा पाया आणि त्याला बोल्टने जखडलेलं लाकूड. दगडावर खांब ठेवून घर बांधायचं तर वेगळे हिशोब मांडून परवानगी मिळवावी लागते. बहुतेक लोक मांडत नाहीत. दगडाचा आकार लाकडात उतरवणारा हात त्यामुळे देवळांच्या दुरुस्तीपुरता उरला.

आंगणमाती, दोमा. घरातच, उंबऱ्याच्या आत, तुडवून घट्ट केलेली मातीची जमीन. इथे स्वयंपाक, इथेच दोर वळायचे, भात सडायचा. दार दिवसभर उघडं, म्हणून पाकोळ्या आत येऊन तुळईवर घरटं करत. घरटं शुभ मानलेलं, म्हणून खाली फळी ठोकून विष्ठा झेलायची आणि त्यांना राहू द्यायचं. बंद दाराच्या घरात हा प्रश्न येत नाही.

एन्गावा. या नोंदीवर रेंगाळायला हरकत नाही. खोली आणि बाग यांच्या मधला लाकडी पट्टा, आपल्या ओसरीच्या जवळचा. आतल्या बाजूला कागदाच्या सरकत्या शोजी, बाहेरच्या बाजूला काही नाही. वर पुढे आलेली पागोळी. उन्हाळ्यातला उंच सूर्य त्या पागोळीवर अडतो, हिवाळ्यातला उतरता सूर्य फळ्यांवर आणि शोजीपार आतपर्यंत येतो. पाऊस पडला तर शोजी भिजत नाही, खिडकी लावायची घाई नाही, समोर बसून तो बघता येतो. शरदात याच पागोळीखाली सोललेली काकी फळं (पर्सिमन) दोऱ्यांवर सुकायला टांगायची. पौर्णिमेला इथेच सुसुकीचे तुरे आणि तांदळाच्या पिठाचे लाडू मांडायचे.

आणि शेजारी इथे येऊन बसायचा. बागेच्या बाजूने यायचं, पाय जमिनीवर सोडायचे, चपला काढायच्या नाहीत. घरात येणं नाही, म्हणून घर आवरलेलं असावं लागत नाही. चहा यायचा. दोन गोष्टी बोलून उठायचं. दाराची घंटा वाजवून आलेल्या पाहुण्याला ही सूट नाही.

एन्गावा कशी गेली ते सांगायला एक कारण पुरत नाही. जमीन महागली आणि भूखंड लहान झाले, त्यात तीन फुटांचा पट्टा रिकामा ठेवणं परवडेना. १९६० नंतर अॅल्युमिनियमच्या सरकत्या चौकटी आल्या, काच आणि कडी एकदम. मग वातानुकूलन आलं, आणि ज्या घरात वारा आत घ्यायचा नाही तिथे कडेला उघडा पट्टा ठेवणं हा तोटाच. जुन्या घरांतही पुष्कळांनी एन्गावाला बाहेरून काच लावून तिची अरुंद खोली करून टाकली. तिथे आता कपडे वाळतात.

शोजी. दर डिसेंबरअखेर जुना कागद काढून नवा लावायचा. काढायच्या दिवशी मुलांना बोटं खुपसून हवी तेवढी भोकं पाडायची मुभा. एरवी चुकून पडलेलं भोक बुजवायला कागदाचं फूल कापून चिकटवत. आता न फाटणारा प्लास्टिकचा कागद मिळतो. तो दहा वर्षं टिकतो. मुलांचा एक दिवस गेला.

जुनिचिरो तानिझाकीने १९३३ साली ‘इन्एई राइसान’ या निबंधात शोजीच्या अंधूक उजेडाची, लाखेच्या भांड्यांची, सावल्यांची बाजू मांडली. जगभर वास्तुविशारदांचा हा आवडता निबंध. एक गोष्ट सांगतात: तानिझाकी घर बांधायला निघाला तेव्हा वास्तुविशारद म्हणाला, तुमचा निबंध वाचला आहे, तुम्हाला काय हवं ते मला ठाऊक आहे. तानिझाकी म्हणाला, छे, तसल्या घरात मला राहता यायचं नाही. हळहळणाऱ्या सगळ्यांनी, माझ्यासकट, ही गोष्ट खिशात ठेवावी.

अमादो. शोजीच्या बाहेरच्या सरकत्या लाकडी फळ्या. रात्री आणि वादळात लावायच्या, सकाळी एकेक ढकलून कोपऱ्यातल्या खोक्यात घालायच्या. तो घरघराट ऐकून शेजाऱ्यांना कळायचं, म्हातारी उठली. एके दिवशी आवाज आला नाही तर कोणीतरी जाऊन बघायचं.

जूनची अदलाबदल. ही क्योतोच्या माचिया घरांची: रस्त्याकडे तोंड अरुंद, आत लांबच लांब, मध्ये चार हातांचा बगिचा. पावसाळ्याच्या तोंडाशी घरातली शोजी आणि जाड फुसुमा दारं काढून ठेवायची आणि त्यांच्या जागी वेळूच्या बारीक काड्यांची दारं बसवायची. तातामीवर वेताची गुळगुळीत चटई. अनवाणी पायाला ती गार लागते. बगिच्यात आणि दारापुढे पाणी शिंपडायचं. ओली सावलीची जागा आणि तापलेला रस्ता यांच्यात हवा खेळायला लागते, घरातून. जुलैत गिओन उत्सवाला घरं अशी सजून तयार असतात. सप्टेंबरअखेर सगळं उलट. यासाठी दारांचे दोन संच हवेत, आणि न वापरलेला संच ठेवायला मागे कोठार. फ्लॅटमध्ये दुसऱ्या ऋतूला ठेवायला जागा नसते.

क्योतो महापालिकेच्या २०१६ च्या मोजणीत सुमारे ४०,००० माचिया उरल्या होत्या. त्याआधीच्या सात वर्षांत साडेपाच हजारांहून अधिक गेल्या. दिवसाला दोन पडत होत्या.

सुइकिन्कुत्सु. हात धुवायच्या दगडी कुंडीखाली पालथं पुरलेलं मडकं, बुडाला भोक. सांडलेलं पाणी थेंबाथेंबाने आत पडतं आणि खालून किणकिण येते. एदो काळातली माळ्यांची करामत. विसाव्या शतकाच्या मध्याला जवळजवळ विसरलेली, १९८० च्या दशकात वर्तमानपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने पुन्हा हुडकली. आता काही हॉटेलांत आत माइक लावून ऐकवतात.

उसना डोंगर. बाग छोटी, पण कुंपण अशा उंचीवर कापलेलं की मधली घरं झाकावीत आणि दूरचा डोंगर बागेत यावा. क्योतोच्या उत्तरेला एन्त्सूजी मंदिरात हिएई पर्वत असा घेतला आहे: शेवाळ, दगड, कुंपण, झाडांची उभी खोडं, मागे डोंगर. बाग जपणं मंदिराच्या हातात होतं, डोंगर आणि बाग यांच्या मधली हवा नव्हती. २००७ मध्ये क्योतोने मध्यवस्तीत इमारतींची कमाल उंची ४५ मीटरवरून ३१ वर आणली आणि ठरावीक ठिकाणांहून दिसणारी दृश्यं कायद्याने राखली; एन्त्सूजीचं त्यांत आहे. दुसऱ्या शहरांतल्या पुष्कळ बागांना हे भाग्य नाही.

ओकायामाच्या कोराकुएन बागेत किल्ला आणि मिसाओ टेकडी अशीच उसनी आहेत. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान याच बागेवर बेतलेलं. ज्यांनी ‘पूर्वरंग’मध्ये मराठी वाचकाला जपान दाखवला त्यांचंच नाव त्याला आहे, हा योग बरा जुळला. तिथे फिरायला गेलात तर हिरवळीइतकंच कुंपणापलीकडे काय उभं राहतंय तिकडेही बघा.

साल. कित्येक मोठ्या देवळांची आणि राजवाड्याची छपरं हिनोकी या झाडाच्या सालीची. सत्तर-ऐंशी वर्षांचं झाड, उभं, जिवंत. साल काढणारा दोराने वर चढत लाकडी पातीने बाहेरची साल सोडवत जातो. आतल्या थराला धक्का लागला तर झाड बिघडतं, म्हणून पाती लोखंडी नाही. आठ-दहा वर्षांनी नवी साल धरते आणि तीच खरी उपयोगाची. पहिल्यांदा काढलेली हलकी. म्हणजे चांगली साल हवी तर आधी कोणीतरी त्या झाडावर चढलेलं असायला हवं. साल बसवायला बांबूचे खिळे. कारागीर मूठभर खिळे तोंडात धरतो आणि जिभेने एकेक पुढे सारतो. क्योतोच्या कियोमिझु मंदिराचं असं छप्पर २०२० मध्ये नवं झालं. त्याच वर्षी डिसेंबरात युनेस्कोने जपानी लाकडी वास्तूंची १७ कौशल्यं अमूर्त वारसा म्हणून नोंदवली. छपराची साल त्यांत आली.

इसे. इथे यादी अडते. इसेचं महामंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर जसंच्या तसं नवं बांधतात. पहिल्यांदा ६९० साली, ६२ वी वेळ २०१३, पुढची २०३३. मध्ये यादवी युद्धांच्या काळात सव्वाशे वर्षांच्या आसपास खंड पडला होता, तोही भरून निघाला. एका वेळेला सुमारे दहा हजार हिनोकी लागतात. मंदिराने १९२३ मध्ये स्वतःच्या रानात दोनशे वर्षांच्या हिशोबाने हिनोकी लावायला घेतले. २०१३ च्या लाकडापैकी सुमारे पाव हिस्सा तिथून आला. उतरवलेले मुख्य खांब उजी पुलाची तोरणं होतात, आणि वीस वर्षांनी तिथून पुढे दुसऱ्या गावाच्या तोरणाला जातात. जपानी घराविषयी कोणी खंत केली की इसेचं उदाहरण पुढे येतं. पण इसेमागे देव आहे, सम्राटाचं घराणं आहे, वर्गणी आहे. शिमाने किंवा अकिताच्या खेड्यातल्या घरामागे एक विधवा आहे आणि तिचा ओसाकातला मुलगा.

सुतार. होर्यूजी मंदिराची लाकडं सातव्या-आठव्या शतकापासून उभी आहेत, जगातली सर्वांत जुनी लाकडी इमारत. तिथले वडीलधारे सुतार त्सुनेकाझु निशिओका (१९०८–१९९५) सांगत की झाड विकत घेऊ नका, डोंगर घ्या. दक्षिण उतारावर वाढलेलं झाड इमारतीच्या दक्षिणेला लावायचं, डावीकडे पिळलेलं उजवीकडे पिळलेल्याच्या समोर, म्हणजे पीळ पिळाला धरून ठेवतो. दुरुस्तीसाठी कौलं उतरवल्यावर तेराशे वर्षं दबलेली पागोळीची लाकडं काही दिवसांत पुन्हा वर आली, असं त्यांनी पाहिलं होतं. याकुशीजीचं सुवर्णगृह (१९७६) आणि पश्चिमेचा मनोरा (१९८१) त्यांनी नव्याने उभे केले, तेव्हा हवे तेवढे जाड हिनोकी जपानात मिळेनात. ते तैवानहून आले. पुढे तैवाननेही आपली नैसर्गिक रानं तोडणं थांबवलं. ५७८ साली सुरू झालेली कोंगो गुमी ही देवळं बांधणारी पेढी २००६ मध्ये कर्जापायी दुसऱ्या कंपनीच्या पंखाखाली गेली. आणि साध्या घराचा सुतार? जपानमधल्या नव्वद टक्क्यांहून अधिक नव्या लाकडी चौकटीच्या घरांच्या सांध्यांना आता कारखान्यात यंत्र खाचा पाडतं. खाचा अचूक असतात. डोंगराची कुठली बाजू, हे यंत्राला कोणी सांगत नाही. सांगायला ते कोणाला माहीतही नसतं.

पाडणं. हेही कौशल्य होतं आणि तेही या यादीत आहे. जुनं घर खिळ्यांवर नव्हे, खाचा-पाचरींवर उभं असल्यामुळे उलट्या क्रमाने सुटं करता येतं: शेवटची पाचर कुठली हे ओळखायचं, ती ठोकून काढायची, मग तुळई हलते. प्रत्येक लाकडावर सांध्याच्या आत, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, सुताराने शाईने अक्षर आणि आकडा घातलेला असतो. त्या खुणांवरून घर दुसऱ्या गावात नेऊन पुन्हा उभं करत. २०२३ च्या मोजणीत जपानमध्ये ९० लाख घरं रिकामी होती, एकूण घरांच्या १३.८ टक्के. त्यांतलं एखादं पाडायचं ठरलं की खोदयंत्र येतं आणि तुळई मधोमध मोडतं. हाताने सोडवलेल्या लाकडाला अजून गिऱ्हाईक आहे, कॅफेवाले जुन्या तुळया शोधत फिरतात. पण हाताने सोडवायला दिवस जास्त लागतात, मजुरी जास्त पडते, आणि शाईचा आकडा वाचून पुढची पाचर दाखवू शकेल असा माणूस आधी शोधावा लागतो. ओसाकातला मुलगा दोन्हीचा अंदाज मागवतो आणि खोदयंत्राला होकार देतो. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.